‘खट्’ आवाज आला म्हणजे ट्रेलर लागला असं नाही

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या सुपरवायझरांनी विचारलं आहे. त्यांच्याकडे घोडे, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाड्या, कमी आणि ट्रेलर जास्त आहेत. एक ट्रेलर फॅक्टरीत भरत असतो, तोवर घोडा दुसरा घेऊन जातो. घोडेही दोन वेगळ्या कंपन्यांचे आहेत. गेल्या आठवड्यात एक भरलेला ट्रेलर यार्डाच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरवर घोड्यावरून सुटला. ट्रेलरचं नाक, म्हणजे पुढचं टोक, जमिनीवर आपटलं, हवेचे पाइप तुटले, मध्ये कुणी सापडलं नाही एवढंच नशीब. ड्रायव्हर सांगतो, लॉकचा आवाज आला होता, पुढे ओढूनही बघितलं होतं. मालक म्हणतात, नुकसान त्याच्या पगारातून कापा. सुपरवायझरांना दोन गोष्टी हव्या आहेत: हे झालं कशामुळे, आणि ट्रेलर जोडण्यापासून गाडी गेटबाहेर पडेपर्यंतची नीट पद्धत कोणती.

मी आधी सोलापुरातूनच ट्रेलर चालवला, आता अक्कलकोट रोडला यार्ड सांभाळतो आणि नव्या पोरांना शिकवतो. पगाराचं आधी बोलतो: कापू नका. ड्रायव्हर खरं बोलत असण्याचीच शक्यता मोठी आहे. आवाज येतो, ओढलं तरी ट्रेलर सुटत नाही, आणि तरीही पिन लॉकमध्ये नसते.

ट्रेलरच्या नाकाखाली जोडणीची पोलादी खुंटी असते, ती किंगपिन. तिची मान बारीक असते आणि खालचं टोक पुन्हा जाड. फिफ्थ व्हील म्हणजे घोड्याच्या पाठीवरची, ट्रेलर टेकतो ती प्लेट. तिचा जबडा, म्हणजेच लॉक, त्या मानेभोवती बंद होतो. जाड टोक जबड्याच्या खाली राहतं, म्हणून पिन वर निसटत नाही. आता ट्रेलरचं नाक हवं त्यापेक्षा उंच उभं असेल तर घोडा मागे घेताना मान जबड्यापर्यंत उतरतच नाही. जबडा मानेऐवजी त्या जाड टोकावर आवळतो. आवाज होतो. सपाट जागेत हळूच ओढलं तर धरूनही ठेवतो. पहिल्या उंचवट्यावर नाक उसळलं की पिन वरच्या वर बाहेर. तुमच्या गेटवर नेमकं हेच झालं असावं, कारण दोन कंपन्यांच्या घोड्यांची फिफ्थ व्हीलची उंची सारखी असेलच असं नाही. उंच घोड्याने सोडून गेलेला ट्रेलर बुटक्या घोड्याने उचलायचा आणि मध्ये कुणी लेग (सुटा ट्रेलर ज्यांवर उभा राहतो ते पुढचे पाय) फिरवून उंची बदलायची नाही, असं चाललं तर आज ना उद्या हे होणारच.

दुसरी शक्यता पिनच्या मापाची आहे आणि ती जास्त भयंकर आहे. किंगपिन 2 इंची असते आणि 3.5 इंचीही असते. फिफ्थ व्हील ज्या मापाचं, पिन त्याच मापाची लागते. 3.5 इंची लॉकमध्ये 2 इंची पिन घातली तर जबडा बंद झालेला दिसेल, पण धरणार काही नाही. घोडे-ट्रेलर अदलाबदल करणाऱ्या प्रत्येक यार्डात ट्रेलरच्या नाकावर आणि घोड्याच्या केबिनमागे पिनचं माप ठळक रंगाने लिहिलेलं असायला हवं. एका डब्याच्या रंगात होणारं काम आहे, आजच करा.

आता जोडण्याकडे येतो. घोडा मागे घेण्याआधी ड्रायव्हरने खाली उतरून ट्रेलरभोवती एक चक्कर मारायची. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आहेत का? लेग जमिनीत रुतलेत का? नाकाची उंची किती? ट्रेलरची खालची प्लेट फिफ्थ व्हीलच्या वरच्या पातळीपेक्षा किंचित खाली पाहिजे, म्हणजे घोडा आत शिरताना ट्रेलरला थोडा उचलून घेईल. प्लेट घासत आत गेली तर जोडणी बरोबर उंचीवर आहे. न घासता, आवाज न करता पिन थेट लॉकपर्यंत पोचली तर थांबा आणि शंका घ्या. फिफ्थ व्हील मागच्या बाजूला कललेलं, जबडा उघडा, वर ग्रीस असलेलं हवं. ग्रीसमध्ये खडी आणि मुरूम मिसळलेला असेल तर पुसून नवं लावा. आपल्याकडची धूळ ग्रीसमध्ये बसली की ती लोखंड खाते.

मग सरळ रेषेत मागे यायचं. तिरकं येऊन शेवटच्या क्षणी वळवायचं नाही, पिन जबड्याच्या कडेला आपटते. ट्रेलरच्या थोडं अलीकडे थांबून पुन्हा एकदा उतरून पाहायचं आणि मग अगदी सावकाश आत. या वेळी घोडा आणि ट्रेलरच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही. क्लीनर असेल तर तो ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी. आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबली पाहिजे.

लॉक बसल्याचा आवाज आला की हवेचे पाइप न जोडताच, खालच्या गिअरमध्ये हळूच पुढे ओढून पाहायचं, दोनदा. पाइप जोडलेले नसताना ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागलेले असतात, म्हणून ही वेळ योग्य. पण हे फक्त पहिलं पाऊल झालं. तुमचा ड्रायव्हर सांगतो त्याप्रमाणे आवाज ऐकणं आणि ओढून बघणं इथपर्यंत त्याने केलं होतं.

यानंतरच्या एका मिनिटावर सगळं अवलंबून आहे. हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं, चावी खिशात टाकायची, हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन उतरायचं. दिवस असला तरी बॅटरी लागते, ट्रेलरखाली सोलापूरच्या भर दुपारीही अंधार असतो. तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, बाजूने वाकून: ट्रेलरची प्लेट आणि फिफ्थ व्हील यांच्या मधून उजेड दिसतो का? पलीकडचा उजेड दिसला तर प्लेट टेकलेली नाही, म्हणजे जोडणी उंच झाली. दुसरी, मागच्या चाकांकडून आत डोकावून: जबडा पिनच्या बारीक मानेमागून पूर्ण बंद झालाय का? बॅटरीचा झोत टाकला की ग्रीसमधून जबड्याची कड चमकते. ती पिनच्या मागून सलग गेलेली दिसली पाहिजे. जबड्याखाली पिनचं जाड टोक दिसायला हवं. टोक जबड्याच्या वर किंवा मध्येच दिसलं तर घोडा बाहेर काढा, लेग फिरवून नाक खाली घ्या आणि पहिल्यापासून सुरू करा. तिसरी, लॉक उघडायचं हँडल: ते पूर्ण आत गेलेलं असलं पाहिजे आणि सेफ्टी हुक त्यात बसलेला. हँडल अर्धवट बाहेर राहिलं असेल तर बहुतेक वेळा लॉक सांगत असतं की मी बंद झालेलो नाही. आणि आपली पोरं काय करतात? हातोडा घेऊन हँडल आत ठोकतात. ‘‘बसला की ओ मामा, एकदम टाइट!’’ ज्या यार्डात हातोड्याने हँडल बसवायची सवय आहे तिथे मी गाडी सोडायची परवानगी कधीच देणार नाही. हँडल हाताने जात नसेल तर त्याला कारण आहे, आणि ते कारण शोधायचं असतं.

हे पाहून झालं की मगच पाइप. लाल पाइप हवा पुरवणारा, पिवळा ब्रेकच्या हुकमाचा. जोडण्याआधी रबरी सील पुसून बघा, फाटलेलं असेल तर बदला. लाल पाइप लावताना घोड्याचा हँडब्रेक लागलेला आहे याची खात्री दुसऱ्यांदा करा, मी कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. कारण लाल पाइपमधून हवा गेली की ट्रेलरचे ब्रेक सुटतात. घोड्याचा हँडब्रेक विसरला असेल आणि जागा थोडी उताराची असेल तर अख्खी गाडी चालायला लागते आणि ड्रायव्हर त्या वेळी केबिन आणि ट्रेलरच्या मध्ये उभा असतो. धावत जाऊन केबिनमध्ये चढायचा प्रयत्न करताना माणसं चिरडली गेली आहेत. इतर देशांतही ट्रेलर जोडताना होणाऱ्या मृत्यूंचं हे नेहमीचं कारण आहे.

विजेची तार लावा, लाइट-इंडिकेटर-ब्रेकलाइट पाहा. लेग पूर्ण वर घ्या, ‘थोडे उचलले, पुरे’ असं नको. रेल्वे फाटकावर किंवा उंच स्पीडब्रेकरवर ते अडकतात. लेग फिरवायच्या क्रँकचं हँडल क्लिपमध्ये अडकवा. ठोकळे काढून गाडीवर ठेवा. ठोकळ्याऐवजी दगड लावायची सवय असेल तर मोडा: रस्त्यावर बिघाड झाल्यावर लावलेला दगड तिथेच राहतो आणि रात्री मोटरसायकलवाला त्यावर जातो. नंतर इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि मिनिटभर काटा बघा. काटा डोळ्यांदेखत उतरत असेल किंवा कुठे ‘सुस्स्’ ऐकू येत असेल तर गाडी निघत नाही. हवेच्या टाक्यांचं पाणीही रोज काढायचं.

सोडण्याची पद्धत याच्या उलट क्रमाची आहे आणि तुमच्या अपघाताचं मूळ बहुधा तिथेच आहे. ट्रेलर सोडणारा नीट सोडून गेला तर जोडणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. आधी हँडब्रेक, मग ठोकळे, मग लेग, मग पाइप आणि तार, शेवटी लॉकचं हँडल. लेग जमिनीला टेकले की क्रँकच्या हलक्या गिअरवर थोडंसं फिरवा, फार नको. बरेच जण घोडा सहज निघावा म्हणून नाक भरपूर उचलून ठेवतात आणि पुढचा माणूस त्याच उंचीवर फसतो. हँडल ओढल्यावर घोडा एकदम बाहेर काढायचा नाही. फिफ्थ व्हील सुटलं पण घोड्याची चासी अजून ट्रेलरच्या नाकाखाली आहे, अशा जागी थांबायचं, उतरून लेग बघायचे. लेग खचत असतील तर ट्रेलर चासीवर टेकेल, जमिनीवर आपटणार नाही.

खचण्याचं आपल्याकडे विशेष आहे. सोलापूरची काळी माती पावसाळ्यात भरलेल्या ट्रेलरचे लेग एका रात्रीत गिळते. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 अंशांवर गेला की डांबरही मऊ पडतं आणि लेगचा पाया त्यात उतरतो. संध्याकाळी बरोबर उंचीवर सोडलेला ट्रेलर सकाळी एका बाजूला कललेला असू शकतो. लेगखाली जाड लाकडी फळ्या ठेवा, शक्य असेल तर ट्रेलर उभे करायच्या जागेपुरतं काँक्रीट करून घ्या. आणि हेही लक्षात ठेवा: ज्या ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगने लागणारे) नाहीत त्याचे ब्रेक फक्त टाकीतल्या हवेवर लागलेले असतात. दोन दिवस उभा राहिला, हवा हळूहळू उतरली की ब्रेकही सुटले. तिथे त्याला धरून ठेवतात ते फक्त ठोकळे.

आता डिस्पॅच, म्हणजे गाडी रवाना करणं. सुपरवायझर म्हणून तुमचा भाग इथे येतो, आणि मला खरं तर याच्याबद्दलच जास्त बोलायचं आहे. वर सांगितलेलं सगळं करायला सवयीच्या ड्रायव्हरला अर्ध्या तासाच्या आत वेळ लागतो. तो वेळ त्याला कोण देतो? फॅक्टरीतून फोन येतो, पार्टी ओरडते, ऑफिसातून ‘निघाली का गाडी?’ असा तिसरा फोन जातो, आणि ड्रायव्हर बॅटरी घेऊन वाकायच्या ऐवजी आवाजावर विश्वास ठेवून निघतो. तुमच्या ड्रायव्हरला त्या दिवशी असे फोन आले होते का, ते आधी तपासा. त्याच्या मोबाइलवरच दिसेल. वेळापत्रकात जोडणीचा वेळ धरलेलाच नसेल तर चूक वेळापत्रकाची आहे.

ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाच्या मुदतीची, घाई हे कारण पुष्कळदा सांगितलं जातं. हिशोब करून बघा. साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो आणि पहिला दिवस संपतो बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री. सोलापूर-पुणे साधारण 250 किलोमीटर, म्हणजे दोन दिवस हातात. अडकलंच तर मुदत संपण्याआधी आठ तास आणि नंतर आठ तास यात ती वाढवूनही घेता येते. या कागदासाठी कुणाला पळवायची गरज नाही. मात्र घोडा बदलला तर बिलाच्या ‘पार्ट बी’मध्ये गाडीचा नंबर बदलायला विसरू नका. ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागेही असला पाहिजे, मोटार वाहन कायद्यात तसं स्पष्ट आहे. अदलाबदल करणाऱ्यांकडे हा नंबर हमखास जुनाच राहतो. ट्रेलरचा फिटनेस आणि विमा घोड्याच्या कागदांबरोबर धरून चालू नका, ट्रेलरच्या नंबराने वेगळे तपासा.

वजनाचं थोडक्यात. 2018 पासून तीन एक्सलच्या ट्रेलरला त्या तीन एक्सलवर मिळून 27 टन आणि अख्ख्या जोडीला जास्तीत जास्त 55 टन अशी मर्यादा आहे. तुमच्या जोडीला किती, ते आरसीवर बघा. जास्त भरलं तर 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि माल उतरवून घ्यायचा खर्च वेगळा. पण दंडापेक्षा मला काळजी वाटते ती माल कुठे ठेवला याची. सगळा भार मागे गेला तर पिनवरचं वजन कमी होतं, घोड्याची मागची चाकं हलकी पडतात, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी दुमडते. वजनकाट्यावर फक्त एकूण आकडा बघू नका, आधी घोडा चढवून त्याचं वेगळं वजन घ्या.

गेटपास देणाऱ्याने काय पाहायचं? माझ्या यार्डात नियम असा आहे की गेटपासवर दोन सह्या लागतात. एक ड्रायव्हरची, दुसरी ज्याने स्वतः बॅटरी मारून जबडा पाहिला त्या माणसाची. गेटवर कागद बघून केलेली सही चालत नाही. यार्डात दुसरा माणूस नसेल तर ड्रायव्हरने जबड्याचा आणि हँडलच्या हुकाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा. मालकांना सुरुवातीला हे जाचक वाटतं. पण ड्रायव्हरला ‘आज ही गाडी निघत नाही’ असं म्हणायचा अधिकार द्या आणि तो वापरल्याबद्दल कुणी त्याला बोलणार नाही हे मालकांकडून सर्वांसमोर कबूल करून घ्या. तो अधिकार नसेल तर वरची सगळी पद्धत कागदावर राहते. ड्रायव्हरच्या घरी माणसं वाट बघत असतात, एवढं तरी आपण मानायला हवं.

निघायची वेळ ठरवताना रस्ता डोळ्यांसमोर आणा. उसाच्या हंगामात रात्री मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात आणि कित्येकांना मागे रिफ्लेक्टर नसतो. भरलेला ट्रेलर त्यांच्यामागे अचानक थांबत नाही. आषाढीला पंढरपूरकडच्या रस्त्यांवर वारकरी असतात, कोजागरीच्या आसपास तुळजापूरच्या रस्त्यावर चालत जाणारे भाविक. त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते, ती ड्रायव्हरला रस्त्यात कळू नये, तुम्ही आदल्या दिवशी सांगा. तुळजापूरचा घाट उतरणाऱ्याला सांगा की ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नव्हे. गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना टायरची हवा मोजा आणि जोडचाकातलं आतलं टायर चुकवू नका. आतलं बसलं तर बाहेरचं सगळा भार घेतं आणि उन्हाळ्यात तापून पेटतं. पहिल्या थांब्यावर, पुण्याकडे जाणाऱ्याला सावळेश्वर टोलनाका सोयीचा, नाका ओलांडून बाजूला थांबून हँडल, पाइप आणि मालाचे पट्टे पुन्हा एकदा पाहून घ्यायचे. पट्टे पहिल्या काही किलोमीटरमध्येच सैल पडतात.

शेवटी तुमच्या त्या ट्रेलरबद्दल. तो आहे तिथेच ठेवा. नाक आपटलेल्या ट्रेलरची पिन, तिच्याभोवतीची प्लेट आणि लेगचे जोड यांत तडे असू शकतात, ते नुसत्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) पिनची मान मोजा. 2 इंची पिन नवी असताना 50.8 मिलिमीटर असते, 49 च्या खाली गेली तर ती बदलायचीच. वेल्डिंगचा थर चढवून पिन ‘भरून’ देणारे आपल्याकडे मिळतात, त्यांना ट्रेलरला हात लावू देऊ नका. पिन कडक केलेल्या पोलादाची असते, वेल्डिंगने ती ठिसूळ होते. त्या दिवशी जोडलेल्या घोड्याचा जबडा आणि त्याची स्प्रिंगही उघडून बघा. माल दुसऱ्या ट्रेलरवर उतरवून घ्या. ‘गॅरेजपर्यंतच तर न्यायचाय’ म्हणून हा ट्रेलर कुठल्याही घोड्याला जोडू नका, मेकॅनिकलाच यार्डात बोलवा.